आजीचं ब्रेस्लाउ आणि आमचं वळिवडे

भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून गांधीनगरला गेलो, तेव्हा भाच्याची जर्मन सहकारी बरोबर होती. साड्यांची निवड चालली असताना मी तिला सांगितलं, ‘‘ही सगळी बाजारपेठ वळिवडे कॅम्पच्या जागेवर आहे. १९४३ ते १९४८ या काळात इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं.’’ गादीवरचे सिंधी काका म्हणाले, ‘‘पोलंडवाले गेले आणि त्यांच्या बराकींत आम्ही आलो. माझे वडील कराचीहून आले ते अशाच एका खोलीत.’’ त्यांनी आम्हाला मागच्या बोळात नेऊन एक कौलारू बराक दाखवली. भिंतीला नवा निळा रंग, छप्पर मात्र तेव्हाचंच, असं ते म्हणाले.

पाहुणी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. मग बोलली ती थेट १९३९ बद्दल. १ सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. हिटलर-स्टालिन करार आधीच झाला होता, त्यामुळं १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. त्यांनी सैबेरियाला हाकललेली माणसंच पुढं इराणमार्गे वळिवड्याला पोचली. युद्धानंतर त्यांचा ल्वूफकडचा मुलूख सोव्हिएत संघात गेला, म्हणजे परतायला गावच उरलं नाही. पोलंडला भरपाई म्हणून पश्चिमेचा जर्मन प्रदेश मिळाला.

एवढं सांगून झाल्यावरच तिनं आजीचा विषय काढला. आजी ब्रेस्लाउची, म्हणजे आजच्या व्रोत्सवाफची. १९४६ मध्ये तिला एका बोचक्यानिशी घर सोडावं लागलं आणि त्या घरात ल्वूफहून उखडलेलं पोलिश कुटुंब आलं. चेक प्रदेशातूनही तीसेक लाख जर्मनांना असंच घालवलं गेलं.

आजीचं दुःख खरंच होतं. पण नातीनं आधी आपल्या देशाचा गुन्हा सांगितला, मग घरची जखम. मला वाटतं, शेजाऱ्याशी बोलण्याची वाट याच क्रमानं जाते. पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट १९७० मध्ये वॉर्सात गुडघे टेकून बसले. १९९७ च्या जर्मन-चेक जाहीरनाम्यात जर्मनीनं नाझी अत्याचारांबद्दल आणि चेकांनी जर्मनांना हाकलताना झालेल्या अतिरेकाबद्दल खेद व्यक्त केला. तरी आजही जुना हिशेब निघाला की तिन्ही देशांत आवाज चढतात.

आपल्या शाळांच्या सहली पन्हाळ्याला जातात. जाता-येता मुलांना महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ आणि वळिवडेही दाखवा.