कुकडीकाठची राख आणि सुमात्रातलं सरोवर

केवढं ते पाणी! सुमात्रा बेटावरचं तोबा सरोवर पाहून आले, तरी डोळे अजून तिथंच आहेत. आम्ही संभाजीनगरची माणसं. पैठणचा नाथसागर म्हणजे आमचा समुद्र. तोबाची लांबी त्याच्या जवळपास दुप्पट, १०० किलोमीटर. रुंदी ३०, खोली ५०० मीटर. आणि हे सगळं एका ज्वालामुखीचं विवर! लोणारच्या काठावर उभं राहिलं तरी छाती दडपते, आणि त्याचा व्यास १.८ किलोमीटर. इथं मी कड्यावर उभी आहे, खाली पाणी निळं, मग जांभळं, मग धुक्यात नाहीसं. पलीकडचा काठ शोधून सापडत नाही. मधलं सामोसिर बेट बृहन्मुंबईएवढं. ते बेट म्हणजे वर उचलला गेलेला सरोवराचाच तळ!

मला तिथवर ओढून नेलं ते आपल्या कुकडी नदीच्या काठच्या राखेनं.

जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावी नदीच्या दरडीत, गाळाच्या तपकिरी थरांमध्ये एक फिकट राखाडी पट्टा दिसतो. चिमटीत घेतला तर पिठासारखा मऊ. भिंगाखाली धरला तर काचेच्या बारीक, वक्र कपच्या: उसळत्या शिलारसातल्या बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंती. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या थराचा अभ्यास सुरू केला. जवळच अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही मिळाल्या.

पण ही राख आली कुठून? आपलं दख्खन ज्वालामुखीनंच घडवलेलं, वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्याच कातळात कोरलेली. तो लाव्हा मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. शिवाय तो पातळ, भेगांतून वाहत आलेला. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास. बोरीच्या काचेत ती ७७ टक्क्यांच्या घरात! म्हणजे राख परक्या मुलखातली. तिचं वय एका मोजणीत १४ लाख वर्षं आलं, दुसरीत पावणेसात लाख, आणि वाद पेटला. पुढं अभ्यासकांनी राखेतल्या एकेका काचकणातली मूलद्रव्यं मोजून तोबाच्या खडकाशी ताडून पाहिली. कऱ्हाकाठच्या मोरगावची, मध्य प्रदेशातल्या सोन नदीची, आंध्रातल्या ज्वालापुरमची राखही तपासली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: ही सगळी राख तोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची.

तोबाकाठच्या पारापातच्या वाटेवर डोंगर कापून रस्ता काढलाय. तिथं मी त्या खडकावर हात ठेवते. फिकट करडा, भुसभुशीत, मध्येच काळ्या अभ्रकाची चमक. हाताला चांगलाच खरखरीत लागतो! जड कण इथंच पडले. बारीक धूळ वाऱ्यानं उचलली आणि बंगालचा उपसागर ओलांडून, तीन हजार किलोमीटरांपलीकडं कुकडीच्या खोऱ्यात नेऊन टाकली. आपल्याकडं राख पडली काही सेंटिमीटरच. पावसानं ती उतारांवरून धुऊन नदीकाठी जमवली, म्हणून बोरीचा थर त्याहून जाड. इथं मात्र सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला गेला, वरची जमीन खचली आणि त्या खड्ड्यात सरोवर साठलं.

त्याच राखेवर आज बाताक लोकांची भातशेती डुलते. लाल, पांढऱ्या, काळ्या नक्षीची लाकडी घरं, छपरांची दोन्ही टोकं आकाशात झेपावलेली. शेतातच पूर्वजांच्या समाध्या, त्याही घरांच्या आकाराच्या! वाटेत भेटेल तो हसून ‘होरास!’ म्हणतो. एका घरी खांद्यावर ‘उलोस’ नावाचं हातमागाचं वस्त्र घातलं आणि हळदीतला मासा वाढला. पहिला घास घेतला आणि जीभ झिणझिणली. अरे, हे तर आपल्या कोकणातलं तिरफळ! ते लोक त्याला अंदालिमान म्हणतात. तिरफळाच्याच कुळातली ही वनस्पती. चव ओळखीची निघाली आणि एवढा लांबचा मुलूख एकदम जवळचा झाला.

आजवर जमीन म्हणजे आपली, गावची, इथलीच, असं मी धरून चाललेली. आता नदीकाठचा कुठलाही थर दिसला की तो कुठून आला असेल, हा प्रश्न आधी पडतो. सुमात्रा सगळ्यांना जमणार नाही, पण शिवनेरी पाहायला जुन्नरला जाल तेव्हा बोरीला नक्की वाकडी वाट करा. मुलांना न्या, भिंग न्या. राख डोळे भरून बघा, पण दरड उकरू नका आणि कुणाला उकरूही देऊ नका. माती-वाळूच्या उपशात तो पट्टा एकदा गेला, तर ७५,००० वर्षांचा पुरावा पुन्हा मिळायचा नाही.