श्रीरामपूरचं पाणी आणि काचेतला केवडा

दौंड-मनमाड गाडीनं आमच्या गावाला यायचं तर 'बेलापूर'चं तिकीट काढावं लागे. नवी माणसं हमखास गोंधळायची. १८७८ साली रूळ पडले तेव्हा नाव होतं ते प्रवराकाठच्या जुन्या बेलापूरचं. श्रीरामपूर नंतर स्टेशनाभोवती वाढलं. एका बाजूला हरेगाव, दुसऱ्या बाजूला टिळकनगर, मध्ये ऊसच ऊस. रामनवमीची यात्रा आणि सप्टेंबरातली हरेगावची मतमाऊलीची यात्रा सोडली, तर पाहुण्याला दाखवायला आमच्याकडे काय आहे? मी सांगते, पाट आहे. आणि या पाटाची खरी ओळख मला झाली ती दिवाणखान्यातल्या अडीच फुटी काचेच्या पेटीमुळे. हसू नका, ऐका तर खरं!

ही माशांची पेटी आम्ही हौसेनं आणली नव्हती. आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. सारा जन्म उसाच्या सरीत वावरलेला माणूस दिवसभर छताकडे बघत पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांसमोर काहीतरी हलतं, जिवंत ठेवा. टीव्हीचा त्यांना तिटकारा. म्हणून ही पेटी, सहा मासे आणि हिरवीगार पाणवनस्पती. पहिले आठ दिवस आण्णा उशीला टेकून बघत बसले. आणि मग झाडं मरायला लागली. रोज सकाळी त्यांचं बोट एकेका पिवळ्या पानाकडे जायचं. मला तर त्या खोलीत चहा घेऊन जायचीही चोरी झाली.

आता माझे उपद्व्याप सांगते, म्हणजे तुम्ही तरी ते करणार नाही. दुकानातून आणलेल्या ॲमेझॉन स्वोर्डची, म्हणजे रुंद पानांच्या झाडाची, जुनी पानं सडू लागली तशी मी ते दर दोन दिवसांनी उपटून मुळं बघू लागले. पुढे कळलं, ही झाडं बहुधा रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात बुडवली की हवेत आलेली पानं गळतातच. मधून नवी, पाण्याला सरावलेली पानं फुटतात. त्यांना स्वस्थ बसू द्यायचं, एवढंच काम होतं, आणि नेमकं तेच मी करत नव्हते. दुसरं, उजेड कमी पडत असेल म्हणून दिवा पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू. झाडं राहिली बाजूला, काचेवर शेवाळ माजलं. आठ तास पुष्कळ होतात. आणि पेटी खिडकीच्या उन्हात नको.

तिसरी चूक मात्र काटकसरीच्या पोटी झाली. आमच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्यातून वाया जाणारं पाणी मी बादलीत धरते. फरशी पुसायला, मोरी धुवायला उत्तम. तेच पेटीत ओतत होते! अहो, यंत्रानं पिण्याच्या पाण्यातले जे क्षार वेगळे काढायचे, ते सगळे त्या वाया पाण्यात गोळा झालेले असतात. पाण्याच्या रेघेवर पेटीच्या काचेला पांढरी कड आली होती, कुकरच्या तळाला बसते तशीच. कुकरचा थर मी वर्षानुवर्षं घासते आहे, पण दोन्हींचा मेळ काही डोक्यात आला नाही.

एवढ्या चुका सुधारल्या तरी एक दुखणं राहिलंच. लांब रिबिनीसारखी व्हॅलिस्नेरिया बरी होती, पण स्वोर्डची नवी पानं फिकट, जवळजवळ पांढरी येत होती. शिरा तेवढ्या हिरव्या. असं एक पान मी तोडून आण्णांच्या डाव्या हातात ठेवलं. त्यांनी ते उजेडाला धरलं आणि एकच शब्द बोलले, "केवडा."

मी भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, चला शेतावर, दाखवतो."

रविवारी मोटारसायकलीवरून गेलो. पाटाला आवर्तन सुटलं होतं. हे पाणी कुठून येतं ठाऊक आहे ना? १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणातून प्रवरेनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तिथून डाव्या कालव्यानं आमच्याकडे. या पाण्यानं तालुका श्रीमंत केला, आणि पाणी जास्त झालं तिथे जमिनी चोपण करून टाकल्या. भावजींनी चारीच्या कडेचा ऊस दाखवला. कोवळी पानं पांढुरकी, त्यावर शिरांच्या हिरव्या रेघा. थेट माझ्या पेटीतली खूण! जमीन चुनखडीची असली की लोह मातीत असूनही पिकाला उचलता येत नाही. ताट भरलेलं, पण माणसाचं तोंड बांधलेलं, अशी गत. यालाच शेतकरी केवडा म्हणतात आणि त्यावर हिराकस फवारतात.

चारीच्या साचलेल्या पाण्यात हायड्रिला दिसली. शाळेत पेल्यात उलटी नळी ठेवून बुडबुडे दाखवतो, तीच. दोन जुड्या आणल्या. पण शेतातलं पाणी म्हणजे औषधांचे अंश आणि गोगलगाई आल्याच, म्हणून ती पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवली आणि पाणी बदलत राहिले.

घरी आल्यावर मी उसाचं पान आणि पेटीतलं पान शेजारी धरून आण्णांना दाखवलं. ते चक्क हसले. "हिराकस," म्हणाले. पण मी आधी बरणीभर पाण्यात चिमूटभर हिराकस टाकून बघितली. दुसऱ्या दिवशी तळाला गंजासारखा गाळ! आपल्या क्षारट पाण्यात ते लोह टिकतच नाही, शिवाय मासे आहेत. माशांच्या दुकानात मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या मिळतात, त्यात लोह असतं. स्वोर्ड मुळांनीच खाते, म्हणून एक गोळी तिच्या बुडाशी वाळूत खोल खोचली. शेतीची सूक्ष्म खतं मात्र पेटीत टाकू नका. त्यात बहुधा तांबंही असतं, आणि ते पाण्यातल्या जिवांना विषासारखं.

मग सुचलं, पेटीत पसरलेले पांढरे शोभेचे खडे तपासावेत. एकावर व्हिनेगर टाकलं, फसफसून फेस आला. म्हणजे ती चुनखडीच, दिवसरात्र पाण्यात विरघळणारी! सगळे काढून नदीची धुतलेली वाळू घातली. आता आठवड्याला पाव पेटी पाणी बदलते: दोन भाग नळाचं, रात्रभर उघडं ठेवलेलं, आणि एक भाग यंत्राचं शुद्ध पाणी. एकदम सगळं पाणी बदलायचं नाही, मासे दगावतात.

खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. नवी पानं फिकी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्र कमी. जुन्या पानांना बारीक भोकं पडली, तर पालाश कमी असण्याचा संभव. आणि झाड लावताना त्याचा गड्डा वाळूत पुरू नका, नुसती मुळं पुरा; गड्डा पुरला की कुजतो.

तीन आठवड्यांनी स्वोर्डला हिरवं पान आलं. जुनी पांढरी फारशी सुधारली नाहीत, ती मी कातरून टाकली. आण्णा आता रोज पानं मोजतात, डाव्या हाताच्या बोटांवर. पाचाच्या पुढे गेलं की मला हाक मारतात, कारण उजव्या हाताची बोटं अजून उघडत नाहीत. पुढची मी माझ्या बोटांवर मोजायची.

हायड्रिला मात्र इतकी माजली आहे की दर पंधरवड्याला मूठभर कापावी लागते. ती पाटात किंवा चारीत टाकू नका बरं का, पाणी तुंबतं. उन्हात वाळवून जास्वंदीच्या बुडाशी घालते.