बदलण्याआधी मोजावे

धान कापून झाले की वडसा-देसाईगंज भागात झाडीपट्टीची नाटके रंगू लागतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका गावी मांडव माणसांनी भरला आणि ऐन वेळी मिक्सर मुका झाला. साउंडवाला पोरगा घामाघूम झाला होता.

"आयसीच गेला जी, साहेब! दोनदा बदलला, तरी तेच."

रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीचा मला जुना नाद. त्याचा मीटर घेऊन मी आधी आयसीचा खुराक पाहिला. त्या मिक्सरमधल्या ४५५८ ऑप-ॲम्पला ८ नंबरच्या पायावर अधिक १५ व्होल्ट लागत, ४ नंबरवर उणे १५. अधिक बाजू ठीक होती. उणे बाजूला जवळजवळ काहीच नव्हते. मग नवा आयसी तरी काय करणार? ट्रॅक्टरच्या हिसक्यांनी ७९१५ रेग्युलेटरच्या पायाचा डाग सुटला होता. वीज बंद करून डाग दिला. पुन्हा मोजले, तर दोन्ही पुरवठे बरोबर आणि आवाज नसताना १ व ७ नंबरच्या आउटपुट पायांवर शून्याच्या आसपास व्होल्ट. तब्येत ठीक असल्याची हीच खूण.

पोराला मी रागावलो नाही. नोकरीच्या सुरुवातीला धान पिवळे दिसताच मीही एका शेतकऱ्याला युरिया टाकायला सांगितला होता. निघाला जस्ताच्या कमतरतेचा खैरा. त्याचे पैसे गेले, आणि त्या बांधावर जायला मला लाज वाटू लागली.

"बाबू, बदलण्याआधी मोजत जा," एवढेच म्हटले.

पडदा उघडला. नाटक पहाटेपर्यंत चालले.