खालूंचा काटा

सांगवीत आमच्या खालूंचे भंगाराचे दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचे शेड, वजनकाटा आणि पोत्यांची थप्पी. बारामतीला उर्दू शाळेत शिकवायला आम्ही रोज त्यावरूनच जातो. मोठ्या बहिणीची सोयरीक जमत होती तेव्हा मात्र पाहुण्यांना आम्ही सांगितले, "खालू लोखंडाचे व्यापारी आहेत." खालू शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

वर्गात प्लास्टिकवर निबंध दिला. सगळ्यांनी प्लास्टिकला राक्षस केले. एकाचे वडील भंगाराची फेरी करतात. त्याने कोणता माल कोणत्या पोत्यात जातो ते लिहिले. मुले "ए भंगारवाला" म्हणून हसली. आम्ही त्यांना गप्प केले, पण तो निबंध वाचून दाखवायचे धैर्य आम्हालाही झाले नाही.

संध्याकाळी खालूंकडे गेलो. बी.एड.ला न शिकलेले तिथे कळले. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक वेगळे, तिच्या झाकणाचे वेगळे. बाटलीचा पुढे धागा होतो. ठिबकच्या जुन्या नळ्या वितळवून दाणा होतो. वेफरची चकचकीत पुडी कोणी घेत नाही. तिचे थर सुटे होत नाहीत. इफ्तारीचे कागदी कपही नकोत, आतून प्लास्टिकचा लेप. (जमातीचे स्टीलचे पेले कोठीत पडून आहेत. धुणार कोण?)

राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला मनाई आहे. याचे एक कारण खालूंच्या काट्यावर दिसते. पातळ पिशव्या किलोभर व्हायला किती लागतील? दिवसभर वाकून मजुरी सुटत नाही, म्हणून त्या कोणी उचलत नाही. शेतातला मल्चिंग पेपर तर २५-३० मायक्रॉनचा. पीक निघाले की बांधावर गोळा करून काडी लावतात. आम्हीही लावत होतो.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्यांच्याकडे ओळखपत्रे आहेत. आमच्याकडच्या फेरीवाल्यांची ओळख म्हणजे सायकल आणि आरोळी. यात आपल्या समाजाची माणसे किती, हे वाचकांना सांगायला नको. पुनर्वापरावर भाषणे आम्ही देतो, तो करतात हे लोक, आणि सोयरिकीत आम्ही त्यांनाच लपवतो.

यंदा मल्चिंग पेपर जाळला नाही. एक पोते भरून खालूंकडे नेले. त्यांनी हात घालून पाहिला. "मिट्टी ज्यादा, माल कम. झटक के, सुखा के ला."

अर्धे पोते झटकून झाले आहे, उरलेले गोठ्यामागे आहे. पुढच्या महिन्यात धाकटीला पाहायला पाहुणे येणार. ते सांगायला गेलो तेव्हा खालू वजन करत होते. काट्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले,

"इस बार क्या बोलोगे, बेटा?"