वॉल्ट्झचे माहेर

व्हिएन्नाच्या वॉल्ट्झचे नाव निघाले की झुंबरांनी उजळलेली दालने आणि रेशमी झग्यांची फिरती वर्तुळे डोळ्यांपुढे येतात. परंतु या नागर आणि काहीशा मिजासखोर नृत्याचे माहेर अप्पर ऑस्ट्रिया, स्टायरिया अशा डोंगराळ मुलखांतील खळ्यांत आणि गावगुत्त्यांत होते. तेथील शेतकरी जाडजूड जोडे घालून, पाय आपटीत, जोडीदारणीला हाताखालून फिरवीत जे नृत्य करीत, त्याचे नाव लेंडलर. ठेका वॉल्ट्झप्रमाणेच तीन मात्रांचा, पण लय संथ. कारण खडबडीत फळ्यांवर पाऊल घसरत नाही, ते उचलून टाकावे लागते. शहरातील गुळगुळीत तक्तपोशीवर तेच पाऊल घसरू लागले, तशी लय द्रुत झाली आणि उडीची जागा गिरकीने घेतली.

अप्पर ऑस्ट्रियातील लिंझकडील वादक डॅन्यूब नदीच्या होड्यांतून व्हिएन्नात उतरत आणि तेथील गुत्त्यांत वाजवीत. दोन व्हायोलिने आणि एक खर्जाचे तंतुवाद्य, एवढाच त्यांचा सरंजाम. नदीकाठच्या वस्तीतील अशाच एका गुत्तेवाल्याच्या घरी १८०४ साली वॉल्ट्झकार थोरला योहान श्ट्राउस जन्मला, आणि पुढे तो ज्याच्या वाद्यमेळात दाखल झाला त्या योझेफ लानरने तर १८४१ साली एका रचनेला ‘स्टायरियन नृत्ये’ असे नाव देऊन आपल्या सुरांचे कुळ उघडपणे सांगितले. शूबर्टनेही लेंडलर विपुल लिहिले.

या लोकसंगीताकडे १८१९ साली सरकारचीही नजर वळली, तो प्रकार मला मोठा मौजेचा वाटतो. व्हिएन्नातील संगीतप्रेमी मंडळाचा चिटणीस योझेफ सोनलायटनर, ज्याने बीथोव्हनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेराची संहिता सिद्ध केली होती, त्याच्या पुढाकाराने प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्यांना हुकूम सुटले की, आपल्या अंमलातील गाणी आणि नृत्याच्या चाली लिहून पाठवाव्यात. सारा-वसुलीचे आकडे मागण्याची सवय जडलेल्या अंमलदारांनी हे फर्मान कोणत्या मुद्रेने वाचले असेल, याची कल्पनाच करावी! अखेर बहुतेक काम पडले ते गावच्या शाळामास्तरांच्या आणि चर्चमधील ऑर्गनवादकांच्या माथी. त्यांनी उतरवून पाठविलेल्या चाली मंडळाच्या दप्तरी रुजू झाल्या.

मात्र दप्तरात जमा झालेले संगीत आणि कानी पडणारे संगीत यांत अंतर असते. ते ज्याला भरून काढता आले, तो थोरल्याचा मुलगा, धाकटा योहान श्ट्राउस. त्याच्या ‘व्हिएन्नाच्या वनातील कथा’ या १८६८ च्या वॉल्ट्झमध्ये, राजधानीचा सारा वाद्यवृंद क्षणभर मागे सरतो आणि एकटे झिथर बोलू लागते. मांडीवर किंवा मेजावर आडवे ठेवायचे हे वाद्य. उजव्या अंगठ्यातील नखीने चालीच्या तारा छेडायच्या, उरलेल्या बोटांनी साथीच्या, आणि डाव्या हाताने पडद्यांवर सूर दाबायचे. येथे लय पुन्हा लेंडलरची होते. सूर किंचित रेंगाळतो, जणू त्याला शहरात परतण्याची घाई नाही. मग व्हायोलिने येतात आणि त्याला हाताला धरून नृत्यशाळेत घेऊन जातात.

झिथरवादक न मिळाल्यास तो भाग तंतुवाद्यांनी वाजवावा, अशी सोय स्वरलिपीत केलेली आहे, आणि पुष्कळ वाद्यवृंद तिचा निःसंकोच लाभ घेतात. व्यवहार म्हणून ते क्षम्य असेल; परंतु झिथर वगळून वाजविलेली ही रचना अर्धीच वाजविली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.