नालीतून जाणारा नळ

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत लेकराला ताप आला की पहिला आरोप गुपचुपवाल्यावर, म्हणजे पाणीपुरीवाल्यावर येतो. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. जून संपत आला होता, पहिला जोराचा पाऊस होऊन गेला होता. तिला ताप आला. सकाळी तो जरा उतरायचा आणि संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा वर चढायचा. जीभ पांढरी, कडा मात्र लालभडक. पोट फुगलेलं, भूक मेलेली.

"विडाल करून घे, टायफाईडच निघेल," शेजारच्या काकूंनी सांगून टाकलं. विडाल ही रक्ताची तपासणी केली, पॉझिटिव्ह आली. बालरोगतज्ज्ञांनी तो कागद बाजूला ठेवला. "ताई, आपल्या शहरात धडधाकट माणसांचीही विडाल पॉझिटिव्ह येते. एकदाच केलेल्या विडालवर मी औषध देत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी कल्चरला रक्त पाठवू."

मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या झाल्याच. मग त्यांनी तिच्या काखा, कंबरेची घडी, कानांमागची जागा बारकाईने पाहिली. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग ते शोधत होते. झुडपांतला बारीक किडा चावून होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास या तापाने माणसं दगावली. त्याचं औषध वेगळं असतं, त्यामुळे टायफाईड म्हणून उपचार करत बसलं तर हातचा वेळ जातो. मुलीच्या अंगावर डाग नव्हता.

कल्चरमध्ये टायफाईडचा जंतू, साल्मोनेला टायफीच वाढला. कोणतं औषध चालेल, कोणतं नाही, हेही त्याच रिपोर्टमध्ये आलं. एके काळी सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालणार नव्हतं, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन चालणार होतं. इंजेक्शनं सुरू झाली तरी ताप हटेना, तेव्हा सासूबाई कासावीस झाल्या, डॉक्टर बदला म्हणाल्या. योग्य औषधानेही टायफाईडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही थांबलो. हे न सांगितल्यामुळे किती घरं अर्ध्यातच औषध बदलत असतील!

गुपचुपचा विषय घरात संपत नव्हता. पण हा जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. काल-परवा खाल्लेल्या गुपचुपला धरून उपयोग नसतो. त्यातच गल्लीतली आणखी दोन मुलं तापाने पडल्याचं कळलं. त्यातलं एक दीड वर्षाचं. त्याने कोणत्या ठेल्यावर काय खाल्लं असणार? तिन्ही घरांत सारखं होतं ते नळाचं पाणी.

आम्ही नळजोडणी करणाऱ्या भाऊंना बोलावलं. त्यांनी दारासमोरच्या नालीवरची फरशी उचलली. काळ्या पाण्यात आमचा अर्धा इंची लोखंडी पाइप आडवा बुडालेला होता. गंजून सोललेला, आणि सांध्यावर कुणीतरी कधीकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याला शुद्ध होऊन निघतं, पण शेवटच्या दहा फुटांत त्याचं काय होत होतं ते तिथे डोळ्यांनी दिसत होतं. नळ चालू असताना दाबामुळे पाणी भोकातून बाहेर झिरपतं. नळ गेला की पाइप रिकामा होतो आणि नालीतलं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. त्यावर घरोघरी टिल्लू पंप. दाब कमी असताना पंप ओढतो, तेव्हा नालीही ओढतो.

ओटी टेस्ट करून पाहिली. नळाच्या पाण्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. आमच्या परीक्षानळीतलं पाणी तसंच्या तसं राहिलं. तक्रार दिली, ती बरेच दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. शेवटी गल्लीने वर्गणी काढली, जोडण्या नालीच्या वरून घेतल्या, लोखंड काढून प्लास्टिकचा निळा एमडीपीई पाइप टाकला. तोवर पाणी उकळूनच प्यायलो. मुलगी बरी झाली, तरी बरे झाल्यावरही काही आठवडे शौचातून जंतू जात राहू शकतात म्हणून तिला स्वयंपाकघरात हात लावू दिला नाही.

2017 ते 2020 या काळात देशात मुलांमधल्या टायफाईडची मोजणी झाली. वेल्लोर, कोलकाता आणि दिल्लीतल्या शहरी वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे 576 ते 1173 रुग्ण कल्चरने सिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात हाच आकडा 35 होता. गर्दी, जुने पाइप आणि त्यांना खेटून वाहणारी सांडपाण्याची नाली, हे सगळं शहर आपल्या लेकरांना देतं. ठेलेवाल्याला दोष देऊन मोकळं होणं मला म्हणूनच मान्य नाही.

नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफाईडची नवी कॉन्ज्युगेट लस द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. मुलीच्या धाकट्या भावाला आम्ही ती पदरच्या पैशांनी दिली. आमच्या गल्लीत सगळ्यांना ते परवडणारं नाही. नागपुरातल्या मुलांनाही ही लस फुकट मिळावी, यासाठी आपापल्या नगरसेवकाकडे मागणी लावून धरा. आणि पावसाळा लागण्याआधी दारासमोरची फरशी एकदा उचलून आपला नळ कुठून येतो ते बघा.