ओल्या फडक्याचा इलाज

वडिलांनी 1984 साली घेतलेली पद्मिनी त्यांच्यामागे आमच्याकडे आली, आणि तिच्या दुखण्यांवरचे त्यांचे तोडगेही आले. मे महिन्यात मांडवगडाच्या चढावर गाडी आचके देऊन थांबली, की वडील बॉनेट उघडून इंजिनाला बसविलेल्या एसी पंपावर ओले फडके ठेवीत. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. पंप निवला की गाडी चालू लागते. हे शास्त्र आम्ही शाळकरी वयात शिकलो व पुढे कधी तपासले नाही. मराठीचा एम. ए. झालेला मनुष्य यंत्राच्या बाबतीत बहुधा असाच श्रद्धाळू असतो.

2012 च्या जानेवारीत चढ आला की गाडी दम टाकू लागली. फडके ठेवून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, की दहा मिनिटांनी चाले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एकदा पंप दाखवू या." आम्ही त्यांना गप्प केले.

त्याच महिन्यात एका रात्री महूला आईस दम्याचा झटका आला. इंदूरकडे निघालो आणि राऊच्या अलीकडे गाडी बंद पडली. हाडे गोठविणारी थंडी, मागच्या आसनावर आईची घरघर, आणि आम्ही ओले फडके हाती घेऊन पंपाशी! अर्धा तास गेला. अखेर एका दूधवाल्याने आपल्या जीपमधून आम्हांस रुग्णालयात पोहोचविले. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आमचे निदान ऐकून एवढेच विचारले, "सर, इतनी ठंड में भाप कहाँ से बनेगी?"

ठिणगी पडू नये म्हणून त्याने कॉइलची तार काढली, कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरली व सेल्फ मारावयास सांगितले. एरवी ठोक्याठोक्याने पिचकारी उडावयाची, तेथे थेंब गळत होते. दोष टाकीकडच्या नळीत नाही ना, हे पाहण्यास त्याने पंपाला पेट्रोलची दुसरी बाटली जोडली, तरी थेंबच. मग ऑइलची पट्टी काढून आमच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास! पंपातला डायफ्राम फाटला होता. पेट्रोल आत ऑइलमध्ये झिरपत होते. गाडी चाले ती फडक्याने नव्हे, तर सेल्फ मारमारून कार्ब्युरेटरची वाटी कशीबशी भरे म्हणून. आणखी काही दिवस तसेच रेटले असते, तर पातळ ऑइलाने बेअरिंगेही गेली असती.

पंप बदलला. चिरंजीव काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. आईस मात्र आम्ही हे सांगितलेच नाही. गाडी थंडीने अडली, असेच ती शेजाऱ्यांना सांगत राहिली.